शनिवार-रविवारचं कुंकू

वडोदरा
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

माऊली,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, म्हणून नुसतंच नाव लिहिलं आहे. पत्र बघून तू हसशील. ताईला मोबाईल वापरता येत नाही का, असं सविताला म्हणशील. येतो. पण भाऊबीजेपासून तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, आणि पोस्टमनला बंद करायची सोय अजून कुणी काढलेली नाही.

भाऊबीजेचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. तरी काढते. मी लेकीला घेऊन रात्रभर गाडीत बसून माहेरी आले आणि तू मला रस्त्यातच गाठून म्हणालास, "खोल्या समद्या भरल्यात ताई, तुमची सोय कुसगावात मित्राच्या हाटेलात केलीय." माझ्या माहेरात मला जागा नव्हती, कारण तिथं मुंबईचे लोक 'गावाकडची दिवाळी' करत होते. मग मी तुला त्या हॉटेलच्या जेवणघरात ओवाळलं. निरांजन लावलं तसा वेटर धावत आला, "मॅडम, दिवा लवकर विझवा, वर अलार्म हाय." त्यानंतर माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोलले. तू मात्र शांतपणे पाकीट ताटात टाकून उठलास. मोठा धंदेवाईक झाला आहेस.

आज लिहितेय ते वेगळ्याच कारणानं. आमच्या ऑफिसातली एक मुलगी मैत्रिणींबरोबर लोणावळ्याला जाऊन आली. दुपारच्या डब्याला तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. चुलीपुढे एक म्हातारी बसलेली, हिरवं नऊवारी, हातात कोपरापर्यंत चुडा, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. भाकरी थापतेय आणि हसतेय. खाली लिहिलेलं, खरीखुरी गावाकडची आजी. मी म्हटलं, "किती गोड." मग म्हातारीनं भाकरी तव्यात टाकली आणि मनगटाच्या आतल्या बाजूचा भाजल्याचा डाग दिसला. तो डाग उकळतं दूध सांडून पडला तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते. डबा मी तसाच झाकून ठेवला.

आबांना जाऊन चार वर्षं झाली, माऊली. त्या दिवशी भावकीतल्या बायकांनी आईला भिंतीशी बसवून काय काय केलं ते तू बाहेर तिरडीपाशी होतास म्हणून बघितलं नाहीस. मी बघितलं आहे. त्यानंतर तिच्या कपाळावर मी फक्त बुक्का पाहिला. ज्या बाईला गावातल्या कुठल्या लग्नात कुणी हळदीला हात लावू देत नाही, तिला तू पर्यटकांसाठी सवाशीण करून बसवतोस? घराला नाव काय दिलंस, तर 'भिमाजीची ओसरी'. पाटीवर बाप जिवंत आणि चुलीपाशी आई सवाशीण. शी.

आणि ती चूल. तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतास. सकाळी जाग यायची ती आईच्या खोकल्यानं. माजघरात धूर कोंडलेला, आढ्याला काजळी लोंबायची, आणि पावसाळ्यात ओली लाकडं पेटेनात म्हणून ती फुंकणीनं फुंकता फुंकता तिथंच पालथी पडायची. गॅस आला तेव्हा तिनं स्वतः पहार घेऊन चूल उकरली आणि वाडीत पेढे वाटले. तीच चूल तू गवंडी लावून परत घातलीस. जे घर तू लोकांना दाखवतोस ते घर कधी नव्हतंच. होतं त्यात शेणाचा, ओल्या गोणपाटाचा आणि म्हशीच्या मुताचा वास होता, आणि मी तिथून कधी एकदा सुटते असं मला झालं होतं.

हे ताबडतोब थांबव. थांबवलंस की सविताला मला कळवायला सांग. नाही कळवलंस तर मी येते.

तुझी बहीण
राजेश्वरी


वडोदरा
बुधवार, २६ फेब्रुवारी २०२५

माऊली,

आई इथं पोचली, सुखरूप आहे. तिचं गुडघ्याचं औषध सविताच्या खणात राहिलं होतं, ते मी इथं नवं विकत घेतलं. तेवढंच कळवायचं होतं. पण त्या शनिवारी तू पाहुण्यांपुढे माझं तोंड बंद केलंस, म्हणून राहिलेलं लिहिते.

मी न सांगता आले ते मुद्दाम. लोणावळा स्टेशनवर उतरले तर रिक्षावाला मला हिंदीत विचारतोय, मॅडम, पॉइंट दिखाऊं? मी म्हटलं, बाबा, मी इथलीच. तर म्हणतो कसा, "हितलीच आसंल तर पायी जा की." बरोबर बोलला. वाडीच्या फाट्यापर्यंत दोन्ही अंगाला बंगले, पोहण्याचे हौद आणि चिक्कीची दुकानं. आपल्या भाताच्या खाचरात बिअरच्या बाटल्या रोवून कुणीतरी नाव काढलंय, विकी. इंद्रायणी तांदळाचा वास यायचा त्या बांधावर आता काय वास येतो ते लिहायची मला लाज वाटते.

दारात बहिरू. ठाकरवाडीचा बहिरू, ज्यानं आपल्याला ओढ्यात खेकडे धरायला शिकवलं. त्याला फेटा बांधून आणि हातात तुतारी देऊन उभा केला आहेस. मला बघून तो गोंधळला. म्हणाला, "ताई, घरच्या मान्साला फुंकायची का न्हाई ते मालकानी सांगितलं न्हाई." मी म्हटलं, नको फुंकू. तर त्यालाच बरं वाटलं, दम वाचला म्हणून.

आत ओसरीवर एकजण आईच्या जात्यावर पाय ठेवून मोबाईलवर बोलत होता. दोघीजणींनी तुळशीवर ओले कपडे वाळत घातले होते. आणि आई मधोमध, तू नव्यानं आणलेल्या जात्याचा खुंटा धरून, ओवी म्हणत होती. तिसरी ओळ तिला आठवेना तशी एक बाई म्हणाली, "आजी, परत पहिल्यापासून, रेकॉर्ड नीट आलं नाही." आई परत पहिल्यापासून सुरू झाली.

मग तिनं मला बघितलं. ओवी थांबली आणि तिचा हात पहिल्यांदा कपाळावर गेला. सगळं कुंकू तिनं तळहातानं झाकून घेतलं. माऊली, चोरी करताना धरलेल्या पोरासारखी माझी आई माझ्याकडे बघत होती. तेव्हा माझं डोकं फिरलं. सत्तरीच्या बाईला स्वतःच्या लेकीपुढे लाज वाटावी असं तू तिला करून ठेवलंस. मी ओढणीचं टोक तांब्यात भिजवलं, तिचा हात बाजूला केला आणि सगळ्यांसमोर तिचं कपाळ स्वच्छ पुसलं. कुंकू ओलं होतं, भुवयांपर्यंत पसरलं. एक बाई ते सगळं मोबाईलमध्ये घेत होती. घेऊ दे. मला त्याचं काही वाटत नाही, आज पुन्हा वेळ आली तर पुन्हा पुसेन.

आणि तू आतून धावत आलास ते काय म्हणत? "ताई, गेस्टच्या म्होरं नगं." आईबद्दल एक शब्द नाही.

मागच्या खऱ्या स्वयंपाकघरात, जिथं सविता गॅसवर पंचवीस माणसांचं पिठलं ढवळत होती, तिथं तू मला समजावत होतास. "आगं, एका बाईनं लिव्हलं, आजी चांगल्या हायत पन लय उदास दिसत्यात. घरातच दुखवटा आसल्यावानी वाटतं म्हनली. मंग मी काय करायचं? सविता म्हनली, कुंकू लावून बगू. लावलं. तवापासनं हसती बी." मी म्हटलं, हसती नाही, तू तिला हसायला लावतोस. त्यावर तू म्हणालास, "तू कवा बगितलं गं तिला हसताना, तू हितं आसतीस कुटं?"

चल म्हटल्यावर आई उठली. न्हाणीत गेली, साबण लावून चुडा एकेक करून उतरवला, सविताच्या हातात दिला. सवितानं तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि रडायला लागली. कशासाठी रडली देव जाणे. तुझा रविवारचा स्वयंपाक तिला एकटीला पडणार म्हणून असेल.

इथं आई आता शांत आहे. कुणी तिचे फोटो काढत नाही. तिची स्वतंत्र खोली आहे, खिडकीतून बाग दिसते. तू तिला भेटायला येऊ शकतोस. मात्र कॅमेरा घेऊन येऊ नकोस.

राजेश्वरी


वडोदरा
शुक्रवार, १८ एप्रिल २०२५

माऊली,

तू उत्तर पाठवलं नाहीस. तुझ्या समर्थच्या परीक्षेचं तेवढं सवितानं आईला फोनवर सांगितलं. पास होईल ना तो? आई काळजी करते.

आईबद्दल लिहायचं तर ती जेवते, औषध घेते, आमच्या सगळ्यांचे कपडे घडी करून ठेवते. बोलत नाही. शनिवार आला की सकाळपासून दोनदा-तीनदा विचारते, आज वार कुठला. मला वाटायचं, वयामुळे विसरते.

परवा माझ्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. इथं मराठी बायका पुष्कळ आहेत, आपल्यापेक्षा जास्त सोवळ्यात राहणाऱ्या. आईनं सकाळी उठून कैऱ्या किसल्या, डाळ वाटली, पन्हं केलं. इतकी हालचाल तिनं इथं आल्यापासून केली नव्हती. मला बरं वाटलं. गौरीपुढे आरास करताना, फुलं कुठली कुठं ठेवायची ते ती मला सांगत होती, आणि मी लहान असताना जशी फटकारायची तशी फटकारत होती.

संध्याकाळी बेल वाजली. मी दाराकडे गेले. वळून बघते तो आई हातातली वाटी टेबलावर ठेवून आपल्या खोलीत निघालेली. कुणी तिला जा म्हटलं नाही. तिनं दार लावलं, आतून कडीही घातली. बायका आल्या, ओट्या भरल्या, डाळीचं कौतुक झालं. एकीनं विचारलं, "आई दिसत नाहीत?" मी म्हटलं, त्यांना जरा बरं नाही. सगळ्या समजल्यासारखं हसल्या आणि विषय बदलला. कडीच्या पलीकडे माझी आई आणि अलीकडे मी भरल्या कपाळानं तिनंच केलेली डाळ वाढतेय.

बायका गेल्यावर मी दार ठोठावलं. ती अंधारात खाटेवर बसलेली. मी विचारलं, आत का गेलीस? आमच्यात झालेलं बोलणं आहे तसं लिहिते, कारण तुलाही ते कळायला पाहिजे.

म्हणाली, "मंग काय करू? तितं पावण्यांचं निमित व्हतं. हितं कसलं निमित सांगू?"

मला समजेना. मी म्हटलं, माऊली तुला जबरदस्तीनं लावायला सांगायचा ना?

"कुनी जबरदस्ती केली? पयल्या दिशी सवितानं लावलं, तवा मी न्हाई न्हाई म्हनलं. मंग आरशात बगितलं. कपाळ भरल्यालं लय दिसांनी बगितलं गं. सोमवारी पुसायची मी, खोबऱ्याच्या तेलानं. गावातल्या बायाबी काय म्हनत न्हवत्या. शकुबाई म्हनायची, म्हातारी पोटासाठी सोंग करती, करू द्या. नाटकात बाप्या बाई व्हतो, तसं. सोंग हाय म्हनल्यावर कुनाचं काय जातंय?"

"आणि तुला आवडायचं?"

"शनवार कदी येतो आसं व्हायाचं."

मग मी विचारलं, मला बघून कपाळ का झाकलंस? मला वाटलं तुला लाज वाटली.

"लाज कशाची? म्या म्हनलं, आता ही पुसंल."

मी तिच्यापुढे खाली फरशीवर बसले होते. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती, आणि बोलत होती अगदी साध्या आवाजात, भाजी निवडताना बोलावं तशी. "तुज्या बापाच्या टायमाला बायांनी पुसलं, तवा मला सुद न्हवती. काय चाल्लंय ते कळत न्हवतं. तू पुसलंस तवा समदं कळत व्हतं."

माऊली, मला आतापर्यंत सगळ्यांची किळस आली. तुझ्या बहिरूच्या तुतारीची, त्या जात्यावरच्या बुटांची, माझ्या घरी येऊन समजल्यासारखं हसणाऱ्या बायकांची. कंपनीच्या कामासाठी मी अर्धा देश हिंडते. मागच्या हिवाळ्यात उदयपूरच्या बाजूला एका घरात उतरले होते. तिथल्या म्हातारीनं मला बाजरीची भाकरी आणि गूळ वाढला, मी तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला आणि सगळ्यांना पाठवला. तिचं नाव विचारलं नाही. आता माझीच मला किळस येते.

तेव्हा मी आईला म्हटलं, मी लावते तुला कुंकू, इथं, आत्ता. ती म्हणाली, "नगं. तुजी सासू येनार हाय पुढल्या आठवड्यात. जावायाला काय वाटंल?" मी पुन्हा आग्रह केला नाही. एकदाच म्हटलं. खरं सांगायचं तर तिनं नको म्हटल्यावर मी उठून दिवा लावला आणि भांडी आवरायला गेले. हे लिहिताना मला माझ्या हाताचा वास येतोय, पितांबरी आणि हळद, आणि तोही नको वाटतो.

ती घरी जायचं म्हणते. सासूबाई यायच्या आत म्हणते, म्हणजे मलाच सोपं व्हावं म्हणून. तुझ्याकडे मला काही मागायचं नाही, पण एक मागते. ती आल्यावर तिला काही बोलू नकोस. मला काय बोलायचं ते बोल.

ताई


पुणे-वडोदरा गाडीत लिहायला घेतलं, घरी पुरं केलं
गुरुवार, १ मे २०२५

माऊली,

तू मंगळवारी जे बोललास ते तुला आठवतही नसेल. म्हणून सगळं लिहून काढते.

आम्ही मुंबईकडून येत होतो, कर्जत मागे पडलं आणि घाट सुरू झाला तशी आई उठली. कमरेच्या चंचीतून तिनं एक लहान डबी काढली. इतके दिवस ती माझ्या घरात तिच्याजवळ होती आणि मला पत्ता नव्हता. बेसिनच्या आरशापुढे उभी राहिली, गाडी हलतेय, बोगद्यात अंधार होतोय, पुन्हा उजेड येतोय, आणि ती एका हातानं नळ धरून दुसऱ्या हातानं कुंकू लावतेय. मागे रांग लागली. एक माणूस कुरकुरला तर त्याला म्हणाली, "थांब बाबा, घर जवळ आलं." जागेवर येऊन बसली आणि मला म्हणाली, "पावणे आसतील की घरी."

तो मंगळवार आहे हे मला माहीत होतं. तिलाही माहीत असावं. मी तिला वार सांगितला नाही.

घरी बहिरू बिनफेट्याचा अंगण झाडत होता. "आल्या का आजी," म्हणाला आणि झाडू टाकून तिची पिशवी घ्यायला धावला. सविता ओसरीवर शकुबाईंबरोबर करवंदं निवडत होती. आईला बघून ती उठली, तोंडभर हसली. शकुबाई हसल्या नाहीत. त्या कपाळाकडे बघत होत्या. तेवढ्यात तू ऑफिसच्या खोलीतून बाहेर आलास, कानाला मोबाईल. आईच्या पाया पडलास, ते मी बघितलं. मग वर बघितलंस आणि म्हणालास,

"आई, आज बुकिंग न्हाई. पूस ते."

रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायला सांगावं, तसं म्हणालास. तुझ्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते. शकुबाई लगेच आईला म्हणाल्या, "धंद्याच्या टायमाला ठीक हाय गं मुक्ता. आज कशाला? लोक काय म्हनत्याल." सवितानं मान खाली घालून करवंदं पुढं ओढली. मी मधे पडले नाही. बोलून काय होतं ते मला आता माहीत आहे, मग दोष तिलाच लागतो. आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि स्वतःचं स्वतः पुसलं. मग करवंदं निवडायला बसली. बसल्याबरोबर तुला विचारलं, "समर्थ जेवला का?"

रात्री मी तुझ्याशी बोलायला बाहेर आले तेव्हा तू म्हणालास, "ताई, मला काय वाटतंय का? तिनं रोज लावावं. पन गावात ऱ्हायाचं हाय मला. पावणं आसलं की कुनी बोलत न्हाई. न्हसलं की भावकी दारात येती. तू जाशील वडोदऱ्याला." आणि माऊली, तू हे बोललास तेव्हा पहिल्यांदाच मला तू खोटा वाटला नाहीस. ज्या गावाला सोंग चालतं आणि खरं चालत नाही, त्या गावात तू दुकान टाकलं आहेस, इतकंच. मला तुझी किळस कमी आली आणि बाकीच्या सगळ्याची जास्त. लहानपणापासून मला ज्या वासापासून पळायचं होतं तो शेणाचा नव्हता, हे मला त्या रात्री ओसरीवर कळलं.

सकाळी निघताना आई फाट्यापर्यंत आली. मी विचारलं, तुला काय पाहिजे ते एकदा सांग, मी करते. म्हणाली, "काय नगं. आठवड्याला दोन दीस मिळत्यात. कुनाला तेवडंबी मिळत न्हाई." मग थोडं थांबून म्हणाली, "पावसाळ्यात बरं आसतं. तवा मदल्या वारालाबी येत्यात लोक."

हे वाक्य घेऊन मी गाडीत बसले. कर्जत येईपर्यंत मला कळलं होतं काय करायचं ते. तुझ्या जाहिरातीच्या ॲपवर माझा नंबर बंद नाही. धंद्यात तू कुणाला बंद करत नाहीस. त्यावरून मी माजघराची खोली बुक केली आहे. सोमवार ते शुक्रवार, दर आठवड्याला, दिवाळीपर्यंत. शनिवार-रविवार तुझे तुला मोकळे ठेवले आहेत. पैसे भरले. कुणाच्या घामाचे, ते मी आणि हे बघून घेऊ. हे एवढंच म्हणाले की माहेरी जायला बायका भांडतात, तू न जाण्याचे पैसे भरतेस.

पाहुण्यांची खास मागणी लिहायला तिथं चौकट आहे. कुणी बिनतिखटाचं जेवण लिहितं, कुणी लिहितं खोलीत पाल नको. मी लिहिलं आहे, आजी रोज सकाळपासून कुंकू लावून असाव्यात. चुडा त्यांच्या मर्जीवर.

लगेच तुझ्याकडून आपोआप जाणारा निरोप आला. आपलं आरक्षण पक्कं झालं आहे, आजी आपली वाट पाहत आहेत. तो निरोप तू एकदाच लिहून ठेवला असशील आणि सगळ्यांना तोच जातो, हे मला कळतं. तरी मी तो वाचत डब्यात रडत बसले, आणि समोरच्या बाईनं मला पाण्याची बाटली दिली.

हा सगळा प्रकार मला घाणेरडा वाटतो, हे लिहून ठेवते. आईच्या कपाळावर बोटभर कुंकू राहावं म्हणून मला तिच्याच घरात खोटी पाहुणी व्हावं लागतं, आणि तुला तिचा मुलगा असून परवानगीसाठी बुकिंग दाखवावं लागतं. मला यात काही गोड वाटत नाही. पण तिनं बंड मागितलेलं नाही, निमित्त मागितलं आहे. ते माझ्याकडून जेवढं होतं तेवढं दिलं.

मी येईनच असं नाही. कामामुळे जमणार नाही आणि जमलं तरी काही दिवस मला तिच्यापुढे उभं राहता येणार नाही. तू खोलीचं दार लावून घे. संध्याकाळी आत दिवा लावत जा, म्हणजे रस्त्यावरून माणूस असल्यासारखं दिसेल. दारात माझी एक चप्पल राहिली आहे बहुतेक, ती तिथंच असू दे.

आणि शकुबाईंनी विचारलं तर सांग, पाहुणी आलीय, आत झोपली आहे.

ताई